बचत गटाचा माल मोबाईलवरून विकायचाय? आधी नंबर आणि खातं ताईंच्या नावावर हवं

उन्हाळ्यात पापड-कुरडया, दिवाळीला फराळ आणि एरवी चटण्या-मसाले करणारे बचत गट आपल्याकडे गावोगाव आहेत. माल चोख असतो, हाताला चव असते, पण विक्री तालुक्याच्या प्रदर्शनापुरती आणि ओळखीपाळखीपुरती राहते. ज्या ताईंना आता हाच माल मोबाईलवरून पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाला विकायचा आहे आणि नेमकी सुरुवात कुठून करायची ते कळत नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. गटाला मदत करणाऱ्या शिकलेल्या लेकी-सुनांनीही तो वाचावा.

गटांना ऑनलाइन विक्री शिकवण्याचं काम मी करते, आणि एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. विक्री ऑनलाइन गेली म्हणून बाईची परिस्थिती आपोआप बदलत नाही. राबते ती, मोबाईल नंबर नवऱ्याचा, क्यूआर मुलाच्या खात्याचा, पासवर्ड दिराला पाठ. धंदा वाढतो, गावात सत्कारही होतो, आणि तिच्या हातात मात्र विचारून घेतलेलेच पैसे. म्हणून खालच्या प्रत्येक पायरीवर स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: हे कोणाच्या नावावर आहे?

हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. 1986 मध्ये चांदवडला शेतकरी महिला आघाडीचं मोठं अधिवेशन झालं. त्यानंतरच्या काळात शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली आणि हजारो शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा काही हिस्सा बायकोच्या नावावर केला. तेव्हा प्रश्न सातबाऱ्याचा होता. आज तो सिमकार्डाचा, खात्याचा आणि पिनचाही आहे.

पायरी पहिली: नंबर, खातं, पिन

गटाच्या विक्रीसाठी वेगळं सिमकार्ड घ्या, आणि ते गटातल्याच एका ताईंच्या आधारवर घ्या. कोणाच्या, ते मासिक बैठकीत ठरवा आणि ठराव वहीत लिहा. ओटीपी येतो तो याच नंबरवर. ज्याच्या हातात ओटीपी, त्याच्या हातात दुकान. घरातला जुना नंबर वापरून काम चालवलं तर पुढे प्रत्येक ठिकाणी तो नंबर बदलताना दमछाक होते, कारण नोंदण्या, बँक आणि विक्रीची सगळी खाती त्यालाच जोडलेली असतात.

वैयक्तिक बँक खातं आता बहुतेक जणींकडे आहे. 2014 पासूनच्या जनधन खात्यांनी सुरुवात करून दिली, आणि जुलै 2024 मध्ये लाडकी बहीण योजना आली तेव्हा आधारशी जोडलेलं स्वतःचं खातं असणं गरजेचं झालं. खातं आहे, पण ते चालवतं कोण? एटीएम कार्ड कोणाच्या खिशात असतं? गटाच्या बैठकीत हे मोकळेपणाने विचारा. कोणाला लाजवायचं नाही, भांडणही लावायचं नाही. नुसतं विचारलं तरी बऱ्याच जणी पुढच्या बैठकीला स्वतः कार्ड घेऊन येतात.

सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडची माणदेशी महिला सहकारी बँक इथे आठवते. चेतना गाला सिन्हा यांनी गावातल्या बायकांना घेऊन ती उभी केली. पहिल्यांदा रिझर्व्ह बँकेकडे अर्ज गेला तेव्हा प्रवर्तक बायका निरक्षर आहेत म्हणून परवाना नाकारला गेला. बायका लिहायला-वाचायला शिकल्या, पुन्हा गेल्या, आणि व्याजाचं गणित आम्ही तोंडी करतो, तुम्ही कॅल्क्युलेटरशिवाय करून दाखवा, असं त्यांनी अधिकाऱ्यांना सांगितलं. 1997 मध्ये बँक सुरू झाली. पुढे डिजिटल व्यवहार आले तेव्हा तिथल्या ग्राहक बायकांचं म्हणणं पडलं की पिनपेक्षा अंगठा बरा. पिन कोणीही काढून घेईल, अंगठा कोण नेणार? ज्यांना आपण अडाणी समजतो त्यांना सुरक्षेचा मुद्दा किती पक्का कळलेला असतो, ते यातून दिसतं. तुमच्या गटातही पिन कसा जपायचा हे बायकांनाच ठरवू द्या. जन्मतारीख, लग्नाची तारीख, मोबाईलचे शेवटचे चार आकडे यांतलं काही पिन म्हणून ठेवू नका, कारण घरच्यांचा पहिला अंदाज तोच असतो.

पायरी दुसरी: एकच वस्तू निवडा

नव्या गटाची यादी लांबलचक असते: पापड, लोणचं, शेवया, गोधड्या, उटणं, अगरबत्ती. पहिल्या सहा महिन्यांसाठी यातली एक वस्तू निवडा, फार तर दोन. निवडताना चवीइतकाच प्रवासाचा विचार करा. पुरणपोळी उत्तम असली तरी टिकत नाही. सोलापूरची कडक भाकरी टिकते, पण वाटेत तिचा भुगा होऊ शकतो. त्याच सोलापूरची शेंगा चटणी टिकतेही आणि फुटतही नाही, आणि तिची ओळख आधीच महाराष्ट्रभर आहे. लेखात पुढे उदाहरण म्हणून तीच घेते.

टिकाऊपणा अंदाजाने सांगायचा नाही. एकाच घाण्याची आठ-दहा पाकिटं बाजूला ठेवा, प्रत्येकावर तारीख लिहा आणि दर पंधरा दिवसांनी एक फोडा. शेंगदाणा खवट व्हायला लागला की वासावरूनच कळतं. ज्या आठवड्यात तो वास आला त्याच्या बऱ्याच अलीकडची मुदत लेबलवर टाका. शक्य असेल तेव्हा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून एकदा तपासणीही करून घ्या. आणि भाजण्याआधी दाणे निवडताना बुरशी लागलेला, काळपट, सुरकुतलेला दाणा बिनदिक्कत फेका. त्या बुरशीचं विष भाजून पूर्णपणे जात नाही.

भौगोलिक मानांकन असलेला माल तुमच्याकडे असेल, म्हणजे सांगलीची हळद, भिवापूरची मिरची, आजऱ्याचा घनसाळ तांदूळ, सिंधुदुर्ग-रत्नागिरीचा कोकम, तर त्या मानांकनाखाली अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करता येते. मानांकन ज्या संस्थेच्या नावावर आहे तिच्याकडे चौकशी करा. नोंद नसताना पाकिटावर मानांकनाचं चिन्ह छापू नका.

पायरी तिसरी: किंमत, आणि त्यात स्वतःची मजुरी

या पायरीवर मी मुद्दाम थांबते, कारण माझ्या मते सगळा लेख एकीकडे आणि ही पायरी एकीकडे.

समजा, गटाने 10 किलो शेंगदाण्याची चटणी केली. दाणे 140 रुपये किलोने 1,400 रुपयांचे. मिरची पूड, लसूण, जिरं, मीठ मिळून 350. गॅस आणि वीज 150. भाजून सालं काढली की दाण्यात घट येते, मसाला घातला की वजन भरून निघतं, म्हणजे 10 किलो चटणी हाती आली. पाव किलोची 40 पाकिटं झाली. पाऊच आणि लेबल 7 रुपयांप्रमाणे 280. बेरीज 2,180 रुपये. एका पाकिटाला साडेचौपन्न रुपये पडले.

इथे गट खूश होतो. सत्तर रुपयांना विकू, पाकिटामागे साडेपंधरा रुपये सुटले! चाळीस पाकिटांचे 620 रुपये नफा!

आता विचारा: काम किती जणींनी केलं, किती वेळ? तिघी, पाच-पाच तास. म्हणजे 15 तास. तासाला 60 रुपये जरी धरले तरी 900 रुपये मजुरी झाली. ती मिळवली की खर्च 3,080 वर जातो आणि पाकीट 77 रुपयांना पडतं. सत्तरला विकलं तर प्रत्येक पाकिटामागे सात रुपये गटाने पदरचे घातले. मघाचा 620 रुपयांचा नफा म्हणजे खरं तर त्या तिघींची अर्धीमुर्धी मजुरी होती.

वहीत मजुरीचा रकाना का नसतो? घरात आपण जे करतो त्याचे पैसे कोणी धरत नाही, आणि धरायचे नसतात हे अंगवळणी पडलेलं असतं, म्हणून. भाकरी थापायची तशीच चटणी कुटायची. मी शिकवायला बसते तेव्हा हा रकाना आखण्यावरून सगळ्यात जास्त बोलणं होतं. कोणी म्हणतं, आम्ही तर दुपारी रिकाम्याच असतो. मग मी त्यांना त्यांच्या दुपारचा तासातासाचा हिशेब मांडायला सांगते: धुणं, निवडण-टिपण, शेळ्या, मुलांचा अभ्यास, सासूबाईंची औषधं. रिकामा तास सापडत नाही. ऑनलाइन धंद्यातून समाज बदलायचा असेल तर तो बदल आधी या रकान्यात दिसला पाहिजे. तिच्या वेळाला पैसे आहेत, हे आधी तिने स्वतः लिहून काढायचं.

तर मजुरीसह 77. फुकट वाटलेले नमुने, फुटलेली पाकिटं, रिचार्ज, तालुक्याला जाण्या-येण्याचं एसटी भाडं यासाठी पाकिटामागे सात-आठ रुपये धरा, झाले 85. त्यावर गटाचा नफा 15 ते 20 रुपये. म्हणजे शंभरच्या खाली विकू नका. गिऱ्हाईक म्हणेल, दुकानात 80 ला मिळते. मिळू दे. तुमची विक्री त्याच्याशी स्पर्धा करून होणार नाही.

पायरी चौथी: कागदपत्रं

कागदांना घाबरून बरेच गट इथेच अडकतात. खरं तर सुरुवातीला लागणारे कागद मोजके आहेत आणि स्वस्तही.

उद्यम नोंदणी केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर आधार क्रमांकावरून होते आणि पूर्णपणे मोफत आहे. 1 जुलै 2020 पासून ही पद्धत सुरू आहे. तिच्यासारखीच दिसणारी, पैसे मागणारी खोटी संकेतस्थळं पुष्कळ आहेत. पत्त्याच्या शेवटी 'गव्ह डॉट इन' नसेल तर तिथे काही भरू नका. नोंदणी एका ताईंच्या नावाने किंवा गटाच्या नावाने करता येते. गटाच्या नावाने करायची तर गटाचं पॅन कार्ड लागेल, ते आधी काढून घ्या. पुढे बँकेतही लागतंच.

खाण्याचा पदार्थ विकायचा तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, म्हणजे एफएसएसएआयची नोंदणी हवीच, घरच्या स्वयंपाकघरात केला तरी. छोट्या उत्पादकाला साधी नोंदणी पुरते. तिचं शुल्क वर्षाला 100 रुपये आहे आणि अर्ज फॉस्कॉस नावाच्या पोर्टलवर होतो. मिळणारा 14 आकडी क्रमांक पाकिटावर छापायचा. एजंट याचे हजार-दीड हजार मागतात. फोटो आणि ओळखपत्र हाताशी असेल तर गटातली दहावी-बारावी झालेली मुलगी हे काम एका बैठकीत करते. ही नोंदणी मात्र नवऱ्याच्या नावाने होऊ देऊ नका. सोय म्हणून तसं केलं जातं, आणि मग कायद्याच्या नजरेत उत्पादक तोच ठरतो.

जीएसटीबद्दल एवढं लक्षात ठेवा. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल विकत असाल आणि वर्षाची उलाढाल 40 लाखांच्या आत असेल, तर नोंदणीची सक्ती नाही. पूर्वी ऑनलाइन बाजारावर विकायचं म्हटलं की जीएसटी लागायचाच. 1 ऑक्टोबर 2023 पासून छोट्या विक्रेत्यांना राज्यातल्या राज्यात विकताना त्यातून सूट मिळाली आहे. जीएसटी पोर्टलवर नावनोंदणी क्रमांक घेतला की काम होतं. राज्याबाहेर खाद्यपदार्थ पाठवायचे असतील तर मात्र नोंदणी लागते. म्हणून सुरुवात पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर अशी करा. बेळगाव-इंदूर-बडोद्याची मराठी घरं पुढच्या वर्षी.

कर्जाच्या मागे पहिल्याच महिन्यात लागू नका. चाळीस-पन्नास पाकिटांचं भांडवल गटाच्या अंतर्गत कर्जातूनही उभं राहतं. विक्री स्थिरावली की सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची केंद्राची योजना पाहा. 2020 मध्ये सुरू झालेल्या या योजनेत अन्नप्रक्रिया करणाऱ्या गटाच्या सदस्याला 40,000 रुपयांपर्यंत बीजभांडवलाची तरतूद आहे. सध्या अर्ज घेतले जातात का, ते उमेदच्या, म्हणजे बचत गटांसाठीच्या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या, तालुका कक्षात किंवा तालुका कृषी कार्यालयात विचारा. महिला आर्थिक विकास महामंडळाचा, म्हणजे माविमचा गट असेल तर त्यांच्या गावपातळीवरच्या कार्यकर्त्या सहयोगिनी ताईंना विचारा.

पायरी पाचवी: नाव, लेबल, फोटो

लेबलवर हे सगळं हवं: पदार्थाचं नाव, घटक, जास्त वजनाचा आधी या क्रमाने, निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, केल्याची तारीख आणि मुदत, बॅच क्रमांक, उत्पादकाचं नाव-पत्ता आणि तक्रारीसाठी फोन, एफएसएसएआय क्रमांक, शाकाहाराचं हिरवं चिन्ह. शेंगदाण्याची काहींना ॲलर्जी असते, म्हणून शेंगदाणे आहेत हे वेगळं आणि ठळक लिहा. मधुमेह बरा होतो, वजन उतरतं असले दावे करू नका. कायद्यात बसत नाहीत आणि गिऱ्हाइकाशीही ते खोटेपणाचं होतं.

नाव ठरवताना एक गोष्ट बोलून घ्यावी लागते. गावात कोणाच्या हातचा पापड कोण घेतं, हे आजही आडनावावरून ठरतं. गटात सगळ्या समाजांच्या बायका असल्या तरी हळदी-कुंकवाला डबे कोणाचे संपतात आणि कोणाचे परत जातात, ते आपण पाहतोच. पुण्यात खराडीच्या सोसायटीतल्या गिऱ्हाइकाला मात्र पाकिटावर गटाचं नाव दिसतं. चटणी कोणी भाजली, हे तो विचारत नाही. ज्या बाईच्या घरचं पाणीही लोक टाळतात, तिच्या हातची चटणी पहिल्यांदा परगावी विकली गेली, तिथून पुन्हा मागणी आली, आणि मग गावातल्या बैठकीत तिच्या बोलण्याला वजन आलं, असं घडताना मी पाहिलं आहे. त्यामुळे ब्रँडचं नाव कोणा एकीच्या आडनावावरून किंवा एखाद्या जातीच्या स्वयंपाकावरून ठेवू नका. गावाचं, नदीचं, डोंगराचं ठेवा.

फोटो सकाळी नऊ-दहाच्या उजेडात, अंगणात किंवा खिडकीशी काढा. फ्लॅश नको. स्टीलच्या ताटात चकाकी येते. मातीची वाटी, सुपली, उखळ किंवा साधं सुती कापड चांगलं दिसतं. चमच्यातली चटणी जवळून घ्या, दाण्याचे तुकडे दिसले पाहिजेत. भाजताना, कुटताना पंधरा-वीस सेकंदांचे व्हिडिओ काढा आणि आवाज तसाच राहू द्या.

गटाचा फोटो काढतानाचा अनुभव सांगते. विधवा ताई बहुधा मागे सरतात, किंवा त्यांना हळूच मागे केलं जातं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारने त्याच महिन्यात इतर ग्रामपंचायतींनाही तसं करण्याचं आवाहन केलं. ठराव कागदावर राहतो की नाही, हे अशा छोट्या क्षणी कळतं. त्यांना पुढे उभं करा, त्यांच्या हाती पाकीट द्या. आणि एक पथ्य पाळा: गरिबी विकू नका. 'बिचाऱ्या बायकांना मदत करा' या ओळीवर आलेलं गिऱ्हाईक एकदाच येतं. चवीवर आलेलं परत येतं.

पायरी सहावी: व्हॉट्सॲपचं दुकान

संकेतस्थळ बनवून देतो, ॲप बनवून देतो म्हणणाऱ्यांना पहिलं वर्ष नम्रपणे नाही म्हणा. व्हॉट्सॲप बिझनेस हे ॲप मोफत आहे आणि सुरुवातीला तेवढं पुरतं. त्यात गटाचं नाव, पत्ता, वेळ भरा. कॅटलॉगमध्ये वस्तू, वजन, किंमत टाका. नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं 'क्विक रिप्लाय'मध्ये साठवा: किती दिवस टिकते, तिखट किती, पार्सल कधी पोचेल. ऑर्डरला 'नवी', 'पैसे आले', 'पाठवली' अशी लेबलं लावा.

टाइप करायला अवघड जात असेल तर आवाजाचे संदेश पाठवा. गिऱ्हाइकाला ते आवडतात, आणि बोली बदलायची गरज नाही. तुम्ही जशा बोलता तशाच बोला.

एकच नंबर मुख्य फोनखेरीज आणखी चार उपकरणांवर जोडता येतो, त्यामुळे दोघी-तिघी आळीपाळीने ऑर्डरी पाहू शकतात. हीच सोय उलटीही फिरते. घरातल्या कोणी आपला फोन गुपचूप जोडून ठेवला तर तुमचे सगळे संदेश त्याला दिसतात. 'लिंक केलेली डिव्हाइस' ही यादी आठवड्यातून एकदा उघडून पाहा, अनोळखी काही दिसलं तर काढून टाका. टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिनही लावा.

पहिली गिऱ्हाइकं कुठून? गावातून शहरात गेलेल्या माणसांकडून. पुण्याला नोकरी करणारा भाचा, मुंबईत दिलेली नणंद, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा गट. प्रत्येकाला अर्धं पाकीट नमुना द्या आणि त्याबदल्यात एकच मागा: तुमच्या सोसायटीच्या गटात एक फोटो टाका. ब्रॉडकास्ट यादीत एका वेळी 256 जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर साठवला आहे त्यांनाच संदेश पोचतो. म्हणून पाकिटात चिठ्ठी घाला, 'हा नंबर सेव्ह करा'. आणि रोज सुप्रभात पाठवू नका. आठवड्यातून एकदा, घाणा कधी लागणार ते सांगा. माणसं वाट पाहतात.

पायरी सातवी: पैसे घेणं आणि फसवणूक टाळणं

गटाच्या बचत खात्यातून पैसे काढायला पदाधिकाऱ्यांपैकी दोघींच्या सह्या लागतात, आणि ती पद्धत चांगली आहे. अडचण अशी की दोन सह्यांच्या खात्याला साधं यूपीआय सहसा जोडता येत नाही. मग सोय म्हणून सचिवाच्या मुलाचा क्यूआर चिकटवला जातो. एका गटात असा मुलगा नोकरीला बाहेरगावी गेला, खातं त्याचं, आणि दिवाळीच्या विक्रीचे पैसे मागायला बायकांना त्याच्या मागे लागावं लागलं. त्याची नियत वाईट नव्हती, पण तीन महिने हिशेब जुळला नाही.

बँकेच्या शाखेत जाऊन गटाच्या नावाने व्यापारी क्यूआर मागा. पैसे स्कॅन करून आत येतील आणि बाहेर जाताना दोघींच्या सह्या लागतील. गिऱ्हाइकाला पैसे देताना नावही गटाचं दिसेल. शाखेत हेलपाटे मारावे लागले तर ग्रामसंघाच्या, म्हणजे गावातल्या गटांच्या संघाच्या, ठरावाची प्रत घेऊन चार जणी मिळून जा. एकटीला उद्या या म्हणतात, चौघींना खुर्ची देतात.

फसवणुकीचा नेहमीचा प्रकार असा. फोन येतो, मी लष्करात आहे, कॅम्पसाठी शंभर पाकिटं हवीत. ऑर्डर मोठी म्हणून आपण हुरळतो. मग तो एक क्यूआर पाठवतो आणि म्हणतो, हा स्कॅन करून पिन टाका म्हणजे पैसे जमा होतील. पैसे घ्यायला पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे गेले. दुसरा प्रकार खोट्या स्क्रीनशॉटचा: पैसे पाठवल्याचं चित्र येतं, खात्यात काही नसतं. बँकेचा संदेश किंवा खात्यातली जमा पाहिल्याशिवाय पार्सल बांधू नका. फसलात तर लाजून गप्प बसू नका, लगेच 1930 वर फोन करा. जितका लवकर कराल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

पायरी आठवी: पार्सल

बहुतेक खासगी कुरिअर पार्सलचं वजन दोन प्रकारे धरतात आणि जे जास्त भरेल त्याचे पैसे घेतात. एक काट्यावरचं, दुसरं आकारावरचं. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घ्या, गुणाकार करा आणि 5,000 ने भागा. कुरडयांचं खोकं 40 बाय 30 बाय 25 असेल तर गुणाकार 30,000, भागिले 5,000 म्हणजे 6 किलो. आत कुरडया दोनच किलो, पैसे सहा किलोचे. चटणीची चार पाकिटं 20 बाय 15 बाय 12 च्या खोक्यात बसतात आणि आकाराचं वजन पाऊण किलोच्याही आत येतं, म्हणजे पैसे काट्यावरच्या वजनाचेच पडतात. पापड-कुरडई ऑनलाइन विकणाऱ्यांचा तोटा बहुतेक वेळा इथे दडलेला असतो. गावात कुरिअर येत नसेल तर पोस्टाचा स्पीड पोस्ट आहेच. ऑर्डरी साठवून आठवड्यातले दोन दिवस ठरवा आणि ते गिऱ्हाइकाला आधीच सांगा.

माल पोचल्यावर पैसे, ही सवलत नव्या गटाने देऊ नये. परत आलेल्या पार्सलचं जातानाचं आणि येतानाचं दोन्ही भाडं आपल्याच माथी येतं.

पायरी नववी: मोठे बाजार

व्हॉट्सॲपवर पुन्हा पुन्हा मागवणारी गिऱ्हाइकं जमली की मगच इकडे वळा. ग्रामविकास मंत्रालयाचं ई-सरस आहे, उमेदचा ऑनलाइन बाजार आहे, ॲमेझॉन आणि फ्लिपकार्टवर महिला उद्योजक आणि कारागिरांसाठी वेगळे कार्यक्रम आहेत, सरकारच्या पुढाकाराने उभं राहिलेलं ओएनडीसीचं ऑनलाइन विक्रीचं खुलं जाळं आहे. खासगी बाजारात कमिशन आणि वाहतूक धरून पाकिटामागे बरीच रक्कम जाते, म्हणून तिथला हिशेब वेगळा मांडा आणि एकेकटं पाकीट विकण्याऐवजी तीन-चारचा संच ठेवा. मुंबईच्या महालक्ष्मी सरस या बचत गटांच्या प्रदर्शनात स्टॉल मिळाला तर तिथे विक्रीइतकंच महत्त्वाचं काम म्हणजे येणाऱ्या प्रत्येकाला आपला नंबर सेव्ह करायला लावणं.

पायरी दहावी: हिशेबाची वही, आणि शेजारी दुसरी वही

पहिली वही पैशांची. तिच्यात मजुरी आणि नफा वेगवेगळे. मजुरी ज्या-त्या ताईंच्या वैयक्तिक खात्यात दर महिन्याला, नफा गटाच्या खात्यात. लिज्जत पापडची सुरुवात 1959 मध्ये गिरगावात सात बायकांनी 80 रुपयांच्या उसनवारीवर केली. तिथे काम करणारी प्रत्येक बाई मालकही असते, आणि नफा-तोटा बहिणी वाटून घेतात. तेव्हा मोबाईल नव्हता, पण मालकी कोणाची हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. तुमच्या गटातही नफ्याची वाटणी धंदा लहान असतानाच ठरवा. पैसा दिसायला लागल्यावर ठरवायला बसलात तर गट फुटतो.

दुसरी वही थोडी वेगळी आहे आणि कोणतीही योजना ती मागणार नाही. दर तीन महिन्यांनी बैठकीत प्रत्येकीने चार उत्तरं सांगायची आणि सचिवाने लिहून घ्यायची. गेल्या तीन महिन्यांत बँकेत किंवा तालुक्याला एकटी गेलीस का? मजुरीचे पैसे कशावर खर्च झाले आणि ते कोणी ठरवलं? धंद्याच्या कामामुळे घरचं कोणतं काम दुसऱ्या कोणी उचललं? झोप किती मिळते?

शेवटच्या दोन प्रश्नांकडे नीट लक्ष द्या. विक्री दुप्पट झाली आणि झोप तासाने कमी झाली, तर घाणे कमी करा, किंमत वाढवा किंवा गटात आणखी एक जण घ्या. त्या बाईला आणखी राबवून चालवलेला धंदा दोन दिवाळ्यांच्या पुढे टिकलेला मी पाहिलेला नाही.

आणि फोन एकाच मुलीच्या हातात राहू देऊ नका. गटातली जी लेक हे सगळं पटपट करते, तिचं उद्या लग्न होईल किंवा तिला नोकरी लागेल. पहिल्या महिन्यापासून दोन वयस्क ताईंना तिच्या शेजारी बसवा: एक ऑर्डर तिने घ्यायची, एक त्यांनी. चुकल्या तर चुकू द्या, फोन हातातून काढून घेऊ नका. नोंदणी क्रमांक आणि गटाच्या नंबरला जोडलेल्या सगळ्या खात्यांची यादी कागदावर लिहून गटाच्या पेटीत ठेवा, पासवर्ड वेगळ्या बंद पाकिटात, आणि पेटीची किल्ली नेहमीप्रमाणे पेटी नसलेल्या ताईंकडे. मासिक बैठकीत बचत गोळा झाली की महिन्याची जमा-खर्चाची यादी मोबाईलवर उघडा आणि मोठ्याने वाचा, म्हणजे ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही कुठून किती आले ते कळेल आणि शंका असेल तर तिथल्या तिथे विचारता येईल.